लग्नपत्रिकेतला ‘शु.’ नेहमी शुक्रवार नसतो

प्रश्न : आजोबांच्या लग्नपत्रिकेवर ‘शके १८४६, माघ व. ५, भृ. वा.’ असं छापलंय. इंग्रजी साल कोणतं?

उत्तर : १९२५. शकात ७८ मिळवतात, पण एक जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्याआधीपर्यंतच्या तिथींना ७९. पौष दोन्हीकडे सांडतो; माघ आणि फाल्गुन मात्र कायम ७९ चे. इथे एक वर्ष चुकलं, की पुढची सगळी वयं चुकतात.

‘व.’ म्हणजे वद्य. काही पत्रिकांत त्याजागी ‘कृ.’ किंवा ‘ब.’ (बहुल) असतं. ‘भृ. वा.’ म्हणजे भृगुवासर, शुक्रवार. शाई पुसट असेल तर भिंग घ्या, कारण तेच ‘भौ.’ निघालं तर भौमवासर, म्हणजे मंगळवार. ‘मंदवासर’ हा शनिवार, नुसत्या ‘मं.’वर मंगळवार ठरवू नका. ‘शु.’ तिथीच्या आकड्याआधी आला तर शुद्ध पक्ष, वाराच्या जागी आला तर शुक्रवार. महिन्याआधी ‘नि.’ दिसला तर निज. त्या वर्षी तोच महिना अधिकही होता. शेवटी त्या सालच्या पंचांगात तिथी आणि वार जुळवून बघा. जुळत नसतील तर आधी आपलं वाचन तपासा.

प्रश्न : पणजीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ आहे. तिचं आधी एक लग्न झालं होतं का?

उत्तर : नाही. ते ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’, नवऱ्या मुलीचंच बिरुद. त्यापेक्षा खाली निमंत्रकांची नावं नीट वाचा. मुलीच्या आईच्या नावाआधी ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) असेल तर वडील त्या तारखेआधीच वारलेले. मृत्यूची नोंद सापडत नसते तेव्हा हा धागा फार मोलाचा. सोबत जुनी पत्रं असतील तर मायने बघा : ‘ती. रू.’ (तीर्थरूप) हे स्वतःच्या आईवडिलांना, ‘ती. स्व.’ (तीर्थस्वरूप) हे वडिलांसमान इतरांना. काका की वडील हा गुंता कित्येकदा तिथेच सुटतो.

प्रश्न : जमिनीच्या जुन्या कागदात ‘सखू कोम गणू बिन धोंडी’ आहे. धोंडी सखूचे वडील ना?

उत्तर : सासरे. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको (कुठे ‘भ्र.’, भ्रतार, असंही लिहितात), ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, इथे ‘बिन’ गणूला लागतो. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) पालनकर्ता. तो वारस नव्हे, अज्ञान वारसाचा सांभाळ करणारा. वारसाचा जन्म मात्र बहुधा नोंदीआधीच्या १८ वर्षांतला.