स्कीबोर्डिंग, म्हणजे आखूड स्की-पाट्यांवरून बर्फात घसरणं, शिकताना एक पाय ऐकतो, दुसरा ऐकत नाही. दोष पायाचा की बुटाचा?

तुम्ही लिहिलंय की डावीकडे वळणं जमतं, उजवीकडे वळताना मात्र डावा पाय बाहेर घसरतो, आणि शिकवणारे म्हणतात, “डावा पाय कमजोर आहे, व्यायाम करा.” हे वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी अख्खा एक हिवाळा ऐकलंय, तेही घरातूनच.

दादा बरीच वर्षं लांब स्कीवाला. त्याच्या लेखी माझ्या ९० सेंटीमीटरच्या पाट्या म्हणजे खेळणं. “तुझा डावा पाय आळशी आहे,” हे त्याचं निदान. मी भाबडी, रोज डाव्या पायावर बैठका मारल्या. फक्त डाव्या. मांडी दणकट झाली, तरी उजव्या वळणावर माझी बैठक थेट बर्फातच. वरून दादाचं चालूच, “वजन टाक, वजन टाक!” अरे, टाकतच होते की!

एकदा बूट ओले झाले म्हणून लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढून वाळत घातले आणि सहज नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घातला. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक ते दोन सेंटीमीटर जागा हवी. उजव्या बुटात बरोबर दोन. डाव्यात जवळजवळ तीन! माझं डावं पाऊल लहान आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. भाड्याचे बूट मी रोजच्या चपलेच्या मापाने घेतले होते, त्यात डाव्या पायात दोन मोजे. टाच आत उचलली जायची आणि पाय वळला तरी पाटीची कड उशिरा वळायची. लांब स्कीवर मागे झुकलं तर शेपटी, म्हणजे पाटीचा टाचेमागचा भाग, थोडं सांभाळून घेते, इथे ती शेपटी अगदीच आखूड. ढिलं लागतं म्हणून मी चवड्यावरची बकलं आवळायचे, पाऊल बधिर व्हायचं, आणि तो म्हणे कमजोर पाय.

मग पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून, मोठ्या पावलाच्या मापाने एक नंबर लहान बूट घेतला. डाव्या लायनरला घोट्याभोवती फोम चिकटवला. पातळ मोजा, एकच. बूट घालताना टाच मागे आपटून आधी घोट्यावरचं बकल लावायचं, चवड्यावरची नुसती टेकवायची. उभं राहिल्यावर बोटं पुढे लागतात, गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की सुटतात. तसंच हवं.

तुमचं काय ते बूट न बघता कसं सांगू? पण पाट्या डाव्या-उजव्या ठरलेल्या नसतील तर अदलाबदल करून बघा. डाव्या पायाचं घसरणं थांबलं तर आधीच्या पाटीची कड बोथट आहे. तसंच राहिलं तर शेल तपासा. तेही ठीक निघालं तरच पायाला बोल लावा. सौम्य उतारावर आडवं जाताना वरचा पाय किंचित उचलून खालच्या एकट्यावर घसरत जायचा सराव चांगला. तो मलाही करावा लागलाच, कारण मागे झुकायची सवय बूट बदलून गेली नाही.

दादा अजून म्हणतो, व्यायामानेच जमलं. मग एकही बैठक न मारता माझ्या उजव्या पायाला आधीपासून कसं जमत होतं?

आणि हो, बाइंडिंग, म्हणजे बूट पाटीला धरून ठेवणारी पकड, पडल्यावर सुटणारं आहे का ते बघून घ्या. आखूड पाट्यांवर बरीचशी न सुटणारी असतात, आणि पाटी अडकून पाय पिळला गेला तर नडगीचं हाड मोडू शकतं. हे दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेवढा एक मुद्दा त्याचा. बाकी नाही.