यादीत त्याचंही नाव लिही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आरोग्य उपकेंद्राचा चार्ज घेतलास, रजिस्टरं लावून झाली, हे फोनवर ऐकून बरं वाटलं. "सिस्टर, माझ्याकडे दोन मुलं झालेल्या बायकांची यादी आहे, त्यांना कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला कसं तयार करू?" असं तू विचारलंस. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते.

यादी फक्त बायकांची आहे, हेच मला खटकलं. तुझी चूक नाही ती. मीही ३२ वर्षं तसलीच यादी पिशवीत घालून वाड्यावस्त्या फिरले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्यांनी नसबंदी केली होती अशा किती, तर ०.३ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायकांचं झालेलं आहे. आणि काम कुणाचं सोपं? पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांत होते, भूल तेवढ्याच जागेपुरती, माणूस आपल्या पायांनी घरी जातो. बाईचं मात्र पोटातून करावं लागतं.

पुरुष घाबरतात त्याला कारण आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुषच होते आणि कितीकांवर जबरदस्ती झाली. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी मुलांना सांगितलं, मुलांनी नातवांना. त्यात 'ताकद जाते' ही समजूत. पण खरं सांगू, मला सर्वांत जास्त विरोध बायकांनीच केला. "नको सिस्टर, त्यांना ओझी उचलायची असतात. काय व्हायचं ते मला होऊ दे." सासू शेजारी बसून मान डोलावते. ओझं ती सूनही उचलते, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढते, हे त्या घरात कुणाच्या मनातही येत नाही.

एक ऊसतोड जोडपं होतं. बायको आत माझ्याशी बोलायची, नवरा बाहेर कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेला असायचा. दर वेळी मी त्याला ओलांडून आत जायचे. त्या दिवशी कुणास ठाऊक का, त्याच्याशेजारी बसले आणि सगळं समजावून सांगितलं. त्याने बराच वेळ जमिनीकडे बघून एकच विचारलं, "मोळी कधी उचलता येईल?" म्हटलं, दोन दिवस आराम, जड काम आठवडाभराने. "मग कारखाना सुरू व्हायच्या आधी करू," म्हणाला. इतकी वर्षं त्याला कुणी विचारलंच नव्हतं गं.

मात्र त्याला बोलवायचं ते बोलण्यासाठी, परवानगीसाठी नाही. बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. कुणी अडवलं तर ठामपणे सांग. आणि कळा देणाऱ्या बाईकडून सही कधीच घेऊ नकोस. त्या वेळी ती कशालाही हो म्हणते.

घाईही नको. १९९६ मध्ये वरून येणारी ऑपरेशनांची उद्दिष्टं सरकारने काढून टाकली, तरी 'केस आणा'ची सवय सुटायला फार वर्षं लागली. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या एका शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली, आणि त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांत मिळून १३ जणी गेल्या. तो आकडा मी विसरू शकत नाही. धाकटं मूल अजून अंगावर पीत असेल, नवरा-बायकोचं मन डळमळत असेल, तर तांबी सांग, दर तीन महिन्यांनी घ्यायचं पाळणा लांबवणारं अंतरा इंजेक्शन सांग. पाळणा लांबवूनही दिवस काढता येतात. मूल दगावल्यावर "सिस्टर, परत जोडता येतं का?" विचारत आलेली आई मी पाहिली आहे. नळ्या जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण त्याची खात्री कुणी देत नाही. कायमचं म्हणजे कायमचं, हा शब्द दोघांसमोर दोनदा उच्चार.

आता माझी चूक सांगते. नसबंदीनंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, हे मी एका माणसाला गडबडीत एकदाच सांगितलं. दुसऱ्याच महिन्यात त्याच्या बायकोला दिवस राहिले. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळे गावाने काय म्हटलं असेल ते तुला कळेल. मी घरी जाऊन सासूला, दिराला, चार शेजारणींना समजावलं, माझी चूक आहे म्हणून सांगितलं. ती बाई तोवर आठ दिवस जेवली नव्हती.

म्हणून ऑपरेशन झालं की तीन महिन्यांचे निरोध मोजून दे, तपासणीची तारीख मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिही, आणि दोन्ही त्याच्या हातात दे, तिच्या नाही.

तुझी,
सिस्टर मावशी