कॉलेज सोडू नये, पण पक्षी का सोडावेत?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चिरंजीव सिव्हिल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, 62 टक्के, आणि आता त्याला कॉलेज सोडून प्राणिशास्त्रात बीएस्सी करायचं आहे. तुम्ही संगमेश्वर तालुक्यात गावचे उपसरपंच. ‘पक्षी मोजून पोट भरतं का?’ असं विचारून निकाल लागेपर्यंत त्याची दुर्बीण तुम्ही कपाटात कुलपात ठेवलीत.

मला काळजी वाटली ती त्या कुलपाची. 62 टक्के वाईट नाहीत. पण एकोणीस वर्षांचा मुलगा रविवारी पहाटे आपणहून उठून देवराईत जातो, काय दिसलं ते वहीत लिहून ठेवतो. त्या मुलाला तुम्ही सांगताय की तुझी आवड हाच तुझा गुन्हा. पुढच्या वर्षी तो तुम्हाला काही सांगणारच नाही. दुर्बीण आज परत द्या. निकालाची अट घालू नका.

आता गैरसमजाबद्दल. तो तुम्हा दोघांचाही एकच आहे: जैवविविधतेचं काम म्हणजे जंगलात फिरणं, आणि त्यासाठी प्राणिशास्त्रच हवं. प्रत्यक्षात एखादा ओढा जिवंत राहणार की नाही, हे बहुतेक वेळा ड्रॉइंगवर आणि अंदाजपत्रकात ठरतं. तुमच्याकडची, ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारी मोरीच घ्या. पाइप ओढ्याच्या तळापेक्षा वर बसवला की खालच्या बाजूला पाणी धबधब्यासारखं पडतं, आणि पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यात वर जाणारे चढणीचे मासे तिथेच अडतात. पाइप थोडा खाली बसवला तर मासे वर जातात. हे मोरीचं डिझाइन करणाऱ्याच्या हातात असतं, आणि त्याला माशांचं वेळापत्रक माहीत नसतं. तुमच्या मुलाला ते माहीत आहे. नागपूर-सिवनी रस्त्यावर, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी 9 भुयारी मार्ग आणि पूल बांधले. त्यातले सर्वांत लांब 750 मीटरचे आहेत. त्यांच्याखालून वाघ, रानकुत्रे, चितळ जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. कुठे आणि किती रुंद वाट ठेवायची हे वन्यजीव अभ्यासकांनी सांगितलं, पण ती उभी केली ती इंजिनीअरांनीच.

म्हणून त्यालाही स्पष्ट सांगतो: कॉलेज सोडू नकोस. भारतीय वनसेवेच्या यूपीएससी परीक्षेला इंजिनीअरिंगची पदवी चालते. वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करायची असेल तर डेहराडून आणि बंगळुरूच्या संस्थांच्या प्रवेशाच्या अटी आत्ताच वाचून ठेव. मोठ्या प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, तिथेही काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि अहवालात काय लिहायचं याचा दबावही येतो. हे माहीत असूनच त्या वाटेला जा.

उरलेलं उत्तर तुमच्यासाठी आहे, उपसरपंच म्हणून. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि गावातल्या झाडा-प्राण्यांची, वाणांची, औषधी माहितीची लोकजैवविविधता नोंदवही. राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर कित्येक गावांत ती घाईघाईत भरली गेली आणि मग कपाटात गेली. तुमच्या गावची उघडून बघा. रस्ता, विहीर, देवराईलगतचं बांधकाम यांचे ठराव करताना ती कधी टेबलावर होती का? मला हा मोठा दोष वाटतो. जो कागद निर्णयाआधी वाचायचा, तो तपासणीपुरता ठेवला जातो.

चिरंजीवांच्या वहीत गावच्या पक्ष्यांची नोंद तारखांसह असणार. समितीच्या बैठकीत त्याला बोलवा, नोंदी पडताळून घ्या. पुढच्या मोरीचं अंदाजपत्रक मंजुरीला येईल तेव्हा त्याला ते वाचायला द्या आणि पाइपची पातळी विचारा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला ती काढता यायला हवी. येत नसेल तर त्याच्या प्राध्यापकांना विचारू दे.

कॉलेज सोडण्याचा विषय मात्र दोघांनीही पदवीचा निकाल लागेपर्यंत काढू नका.