एकच लायब्ररी, चार भाषा: डॉक्युमेंटेशन कुठे सामायिक ठेवावं, कुठे वेगळं

तुमची लायब्ररी (इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) पायथन, जावा, गो आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये आहे, चारही डॉक्युमेंटेशनमध्ये आता वेगवेगळी माहिती दिसते, म्हणून सगळा मजकूर एकत्र करून फक्त कोडचे टॅब (एकाच पानावर भाषा बदलून तिचा कोड दाखवणारे) ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

अर्धं एकत्र करा. लायब्ररी कशी वागते ते एकदाच लिहा. ते वागणं त्या त्या भाषेत कसं हाताळायचं, ते मात्र चार वेळा लिहावंच लागतं. प्रोटोकॉल बफर्स या गूगलच्या, डेटाची रचना ठरवून तो पाठवायच्या पद्धतीचं डॉक्युमेंटेशन पाहा: मेसेज कसे लिहायचे याचं मार्गदर्शन सामायिक आहे, पण तयार होणाऱ्या कोडची पानं प्रत्येक भाषेची स्वतंत्र आहेत.

खरी अडचण सामायिक वाटणाऱ्या वाक्यांत असते. ‘टाइमआउट ३० द्या’ हेच घ्या. पायथनच्या टाइम डॉट स्लीपची सवय असलेला माणूस ते सेकंद समजेल, जावास्क्रिप्टचं सेटटाइमआउट वापरणारा मिलिसेकंद. गोमध्ये ड्युरेशन (कालावधीचा प्रकार) म्हणून नुसता ३० लिहिला तर ते ३० नॅनोसेकंद होतात! म्हणून सामायिक मजकुरात ‘३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर विनंती रद्द होते’ असं लिहा आणि आकडा कसा द्यायचा ते टॅबमध्ये सांगा.

‘आयडी हा पूर्णांक आहे’ हे वाक्य त्याहून फसवं. जावाचा लाँग ६४ बिटांचा, पायथनच्या इंटला ठरावीक मर्यादा नाही, पण जावास्क्रिप्टचा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच पूर्णांक खात्रीने नेमके ठेवतो. त्यापुढचा आयडी गुपचूप बदलू शकतो. प्रोटोकॉल बफर्स जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात लिहायच्या फॉरमॅटमध्ये) ६४ बिटांचे पूर्णांक स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून लिहितात, ते अशा घोटाळ्यापासून वाचवतं. हे टॅबमध्ये मावणारं नाही. जावास्क्रिप्टच्या पानावर याला पूर्ण परिच्छेद द्या, पायथनच्या पानावर एक ओळही नको. चारही पानांची लांबी सारखी ठेवण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही.

एररचंही तसंच. ‘एक्सेप्शन येतं’ (चूक झाली की कोड मध्येच थांबून ती वर फेकतो) हे गोमध्ये चुकीचं आहे, तिथे फंक्शन एरर परत करतं. एरर कोडांचा तक्ता, प्रत्येकाचं कारण आणि पुन्हा प्रयत्न करणं सुरक्षित आहे की नाही, हे सामायिक. तो एरर पकडायचा कसा, हे वेगळं.

उदाहरणं मजकुरात पेस्ट करू नका. ती खऱ्या फाइलींत ठेवा, प्रत्येक बदलानंतर सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) चालवा आणि तिथूनच पानात ओढा. स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवायच्या साधनात लिटरल-इन्क्लूड ही सूचना यासाठीच आहे. गोमध्ये एक्झाम्पल फंक्शनखाली अपेक्षित आउटपुट कमेंटमध्ये लिहिलं, तर गो टेस्ट ते तपासूनही देतं. आणि कृपा करून पायथनचं उदाहरण ओळीला ओळ लावून जावात उतरवू नका. कनेक्शन बंद करायला पायथनवाला विथ वापरतो, गोवाला डिफर, जावावाला ट्राय-विथ-रिसोर्सेस. ती भाषा रोज लिहिणाऱ्या माणसाची नजर फिरल्याशिवाय उदाहरण प्रकाशित करू नये, यावर मी ठाम आहे.

टॅब ठेवलेत तर निवडलेली भाषा लिंकमध्येही येऊ द्या, म्हणजे सहकाऱ्याला पाठवलेलं पान त्याच भाषेत उघडेल. एखादी सोय गोमध्ये अजून आली नसेल, तर टॅब रिकामा ठेवण्यापेक्षा तिथे तसं स्पष्ट लिहा.

सुरुवात एररच्या तक्त्यापासून करा. चारही आवृत्त्या शेजारी ठेवल्यात की फरक नुसता लिखाणात आहे की कोडमध्येही, ते तिथे लगेच दिसेल. कोडमध्ये असेल, तर आधी तो दुरुस्त करा.