मुलीला काय समजावू? आधी तिचं काम समजून घ्या

प्रश्न : मुलगी कॉमर्स पदवीधर आहे, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकली आहे. शेअर बाजाराचा डेटा पुरवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी मिळते आहे. काम काय, तर एआय एजंट (दिलेलं काम स्वतः पार पाडणारे एआय प्रोग्राम) जी टूल्स, म्हणजे डेटा आणून देण्यासारखी कामं करणारे छोटे प्रोग्राम, वापरतात त्यांचं डॉक्युमेंटेशन लिहायचं. मला हे कारकुनी वाटतं, आणि उद्या एआय तेही स्वतःच लिहील. आम्ही तिच्या नावाने सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या परीक्षेचे पैसे भरले आहेत. तेव्हापासून ती आमच्याशी धड बोलत नाही. तिला समजावून सांगा. – एक वडील

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला काय वाटतं ते त्यात सविस्तर आहे, तिला काय वाटतं यावर एक वाक्य नाही. हे काम तिला का करावंसं वाटलं, मुलाखतीत काय करायला दिलं होतं, हे तुम्ही तिला विचारलंत का? पैसे मात्र भरून झाले. पदवी घेतलेल्या मुलीच्या परीक्षेचा निर्णय परस्पर घेणं याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. तिचा अबोला नोकरीमुळे आहे असं मला अजिबात वाटत नाही. आधी तिच्याजवळ बसा आणि ‘तुला न विचारता पैसे भरले, चुकलं’ एवढं स्पष्ट म्हणा. तुमच्या वतीने तिचं मन वळवण्याचं काम मी करणार नाही.

सीएफए चांगलीच परीक्षा आहे. तिच्या तीन पातळ्या नोकरी सांभाळून देणारे पुष्कळ आहेत. तिला हवी असेल तेव्हा ती देईल.

आता तुमचा गैरसमज. डॉक्युमेंटेशन म्हणजे यंत्रासोबत खोक्यात येणारी माहितीपुस्तिका, कोणी वाचली तर वाचली, असं तुम्ही धरून चालला आहात. एजंटच्या बाबतीत तसं नाही. एजंट ज्याच्या जोरावर चालतो त्या एआय मॉडेलला सहसा टूलच्या आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कशी भरायची याचा साचा, एवढंच त्याच्यापुढे येतं. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला टूल्स जोडण्याची सामायिक पद्धत, हाही असाच चालतो. कुठलं टूल वापरायचं, तारीख कशी द्यायची, आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे सगळं मॉडेल त्या ओळींवरून ठरवतं. म्हणजे त्या ओळी टूलचाच भाग आहेत.

उदाहरण बघा. एनव्हिडियाचा शेअर ७ जून २०२४ रोजी १२०८.८८ डॉलरवर बंद झाला आणि व्यवहाराच्या पुढच्याच दिवशी, १० जूनला, १२१.७९ डॉलरवर. घसरण झालीच नव्हती. एका शेअरचे दहा झाले होते (याला स्प्लिट म्हणतात), आणि तो हिशेब धरला तर भाव किंचित वाढलाच होता. टूल मूळ भाव देत असेल आणि वर्णनात नुसतंच ‘दिवसाचा बंद भाव’ असेल, तर एजंट नव्वद टक्के पडझडीचा अहवाल बेधडक लिहून मोकळा होऊ शकतो. ‘हा भाव स्प्लिटसाठी समायोजित नाही, परतावा काढायला वापरू नका’ ही ओळ तिथे हवी, आणि ती सुचायला बाजार कळावा लागतो. तसंच ‘शून्याखालचा भाव आला तर चूक समजा’ ही सूचना कुणालाही शहाणपणाचीच वाटेल. पण २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता.

एआय मसुदा आजही लिहून देतं. पण वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की एक्स्चेंजच्या स्थानिक वेळेत, भाव पंधरा मिनिटं उशिराचा आहे का, रिकामी जागा म्हणजे सुट्टी, व्यवहारच झाला नाही की डेटा आला नाही, हे पुष्कळदा कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. टूल चालवून, दुसऱ्या स्रोताशी ताडून, डेटा टीमच्या मागे लागून ते शोधावं लागतं. मग एजंटला ढीगभर प्रश्न घालायचे, तो चुकीचं टूल कुठे उचलतो ते बघायचं, वर्णन बदलायचं, पुन्हा तेच प्रश्न घालायचे. यात कारकुनी कुठे आहे?

तरी तुमची भीती पूर्ण चुकीची नाही. दुसऱ्याने लिहिलेलं नीटनेटकं करून देणं एवढंच काम असेल, तर ते टिकणार नाही, आणि तशी नोकरी तिने घेऊ नये असंच मी सांगेन. म्हणून होकार कळवण्याआधी तिने कंपनीला विचारावं : टूल्स मला स्वतः चालवून बघता येतील का? एजंटच्या चाचण्यांचे निकाल मला दिसतील का? टूलच चुकीचं बनलं आहे असं आढळलं तर ते बदलायला लावायचा अधिकार मला असेल का? पहिल्या दोन्हींना ठाम ‘हो’ मिळालं तर तिने नोकरी घ्यावी. तिसऱ्याचं उत्तर सुरुवातीला गुळमुळीत आलं तरी चालेल, तो अधिकार कामातून मिळवता येतो. हे प्रश्न मात्र तिनेच विचारायचे आहेत, तुम्ही कंपनीला फोन करू नका.