घाम चाटणाऱ्या आणि मातीत घर करणाऱ्या माश्या

प्रश्न : आमची सोसायटी घोडबंदर रस्त्यालगत आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात बागकाम करताना तांदळाच्या दाण्याएवढ्या काळपट माश्या मनगटावर बसून घाम चाटतात. वांग्याच्या वाफ्याशेजारी उघड्या मातीत दाभणाने टोचल्यासारखी भोकेही दिसतात. तेथे औषध फवारून पेव्हर ब्लॉक बसवावेत, असे समितीचे म्हणणे आहे. या माश्यांपासून धोका आहे का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : घाम कोती ही बिननांगीची छोटी मधमाशीही चाटते, परंतु ती भिंतीच्या फटीत राहते आणि दाराशी मेण-डिंकाची नळी काढते. आपल्याकडची भोके मातीत आहेत, त्यामुळे या हॅलिक्टिडी कुळातील रानटी मधमाश्या असाव्यात. घामातील क्षारांसाठी त्या अंगावर बसतात. नांगी केवळ मादीला असते आणि बोटाखाली किंवा बाहीत चिरडली गेली तरच ती डंख करते. तोही सौम्य असतो.

या माश्या पोळे बांधत नाहीत, मधही साठवत नाहीत. भोकाभोवती मातीच्या कणांची जी लहानशी ढिगोळी दिसते, ती मादीने बोगदा खणताना बाहेर टाकलेली माती होय. बोगद्याच्या कडेला ती छोट्या कोठड्या कोरते, त्यांच्या भिंती गुळगुळीत करून शरीरातील ग्रंथीच्या स्रावाचा अस्तर देते, म्हणजे ओल आत शिरत नाही. मग पराग आणि मकरंद यांची गोळी ठेवून तिच्यावर एकच अंडे घालते आणि कोठडी बंद करते. काही जातींत मादी एकटी राहते, तर काहींत आई आणि मुली एकत्र नांदतात. लाल पोटाची माशी भोकांवर घिरट्या घालताना दिसली, तर ती बहुधा स्फेकोडिस असेल; कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने घालावे तसे ती दुसरीच्या कोठडीत अंडे घालते.

समितीला वांग्याचे फूल अवश्य दाखवावे. त्याच्या परागकोशांना फक्त टोकाशी छिद्र असते. या कुळातील अनेक माश्या परागकोशाला मिठी मारून उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि पराग बाहेर पाडतात. पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाशीला ही युक्ती साधत नाही. वाफ्याशेजारी फवारलेले औषध नेमके या मदतनिसांवर पडेल आणि ब्लॉकखाली कोठड्यांतील अळ्या गाडल्या जातील. ब्लॉक बसवायचेच असतील, तर ती हातभर जागा सोडून बसवावेत. आपण मात्र बाही खाली करण्यापूर्वी मनगटावर माशी नाही ना, एवढे पाहावे. सकाळी भोकाजवळ गवताची काडी धरून पाहा : जात एकत्र नांदणारी असेल, तर आतील पहारेकरीण डोक्यानेच दार बंद करील.