ओझे उचलताना धरणारी कंबर

प्रश्न : मी गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. तीन आठवड्यांपासून कंबर दुखते आहे. पट्टा बांधून काम चालू ठेवावे, की अंथरुणावर पडून पूर्ण विश्रांती घ्यावी?

उत्तर : दोन्ही टोके टाळावीत. पडून राहिल्याने पाठीचे स्नायू अधिकच अशक्त होतात, म्हणून सोसवेल तितके चालणे-फिरणे चालू ठेवावे. पट्ट्याने दुखापत टळते असे सिद्ध झालेले नाही. कमरेवरचा ताण केवळ वजनावर नव्हे, तर ते शरीरापासून किती दूर धरले आहे यावरही ठरतो, त्यामुळे हात लांब करून आणि कमरेत वळून उचललेले मध्यम वजनाचे खोकेही मणक्यांमधील चकतीवर मोठा भार टाकते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या, ओझे उचलण्याविषयीच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात अगदी अनुकूल स्थितीतही २३ किलोचीच मर्यादा धरली आहे. ओझे पोटाशी धरावे, वळताना पावले वळवावीत आणि ढकलगाडी किंवा जोडीदार निःसंकोच मागावा. ही सवलत नव्हे, कामाची गरज आहे. तीन आठवडे झालेच आहेत, तेव्हा डॉक्टरांना एकदा दाखवावे. मात्र पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.